शेवटी काय खाल्लं?

आमच्या साहेबांबद्दल लोक आता वाट्टेल ते सांगतात. कोणी म्हणतं, त्यांना यम दिसायचा. कोणी म्हणतं, त्यांची गाडी गावात शिरली की कुत्री रडायची. अरे, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, ती दुधाच्या गाडीमागेही बोंबलत पळतात! अकरा वर्षं मी त्यांचा पीए होतो. त्यांचा फोन माझ्या खिशात, त्यांची डायरी माझ्या हातात. खरं काय आणि खोटं काय हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार? ज्यानं खरोखर अंगावर काटा यावा, ते या लोकांना ठाऊकच नाही. आणि साहेबांच्या नावाला जे लागलं ते माझ्यामुळे लागलं, हे कोणी मानायला तयार नाही.

साहेब दोनदा आमदार झाले. त्याआधी पंचायत समितीचे सभापती, आणि त्याच्याही आधी शाळामास्तर. उंच, खांद्यातून वाकलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पायात रबरी चप्पल. अधिवेशनालाही तीच चप्पल. नागपुरात एकदा कोणीतरी त्यांना दुसऱ्या आमदाराचा ड्रायव्हर समजून म्हणालं, "ए, गाडी बाजूला घे." साहेब मुकाट्यानं आमच्या ड्रायव्हरकडे, रहीमचाचांकडे गेले आणि म्हणाले, "चाचा, गाडी बाजूले घ्या." मी चिडलो. म्हटलं, साहेब, निदान बूट तरी घाला. तर म्हणाले, "दिवसाले दहा ओट्यावर चप्पल काढा लागते बे. नाड्या सोडत कोन बसन?"

दहा ओटे म्हणजे मयतीची दहा घरं. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीपर्यंत लोक बसायला येतात. ओट्यावर सतरंजी टाकलेली असते, येणारा येतो, टेकतो, उठतो. पुढारीही येतात. हात जोडतात, "लय वाईट झालं" म्हणतात, फोटो निघतो, दाराबाहेर पाऊल पडायच्या आत फोन कानाला लागतो. आमचे साहेब तसे नव्हते. लग्नाची पत्रिका मी दहादा समोर धरली तरी ते जायचे नाहीत. "तठी जेवाले हजार लोक हायेत, माह्यावाचून कोनाचं अडते?" पण मतदारसंघातली मयत म्हणाल तर एक चुकवली नाही. विधानसभेत त्यांनी मनापासून असं एकच भाषण केलं, तेही स्मशानाबद्दल. गावोगावी जाळायला शेड आहे, पण मयतीला आलेल्या माणसाला सावलीत टेकायला जागा नाही, तिथे बाकडी द्या. सभागृह हसलं. बाकडी मात्र आली. आजही आमच्या भागात तुम्हाला स्मशानात बसायला बाक मिळेल.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. ते सतरंजीवर बसायचे, डोळे मिटायचे, मान खाली घालायचे. दहा-पंधरा मिनिटं एक शब्द नाही. मग मान वर न करता एकच प्रश्न विचारायचे.

"शेवटी काय खाल्लं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समोर बाई बसलेली, नवरा जाऊन तीन दिवस झालेले. मी मनात म्हटलं, मेलो, आता ही पायातली काढते. पण ती बाई साहेबांकडे वळली. मग म्हणाली, "कढी मांगतली होती हो त्यायनं. मी म्हटलं, आज ताक नाही, उद्या करीन. मंग खिचडी खाल्ली अन् झोपले." आणि जी रडायला लागली! तिची जाऊ मला नंतर बाजूला घेऊन सांगत होती की तीन दिवसांत ही पहिल्यांदा रडली. आम्हाला भीती वाटून राहिली होती, बरं झालं साहेब आले.

प्रत्येक घरी असंच व्हायचं. कशानं गेले, कोणता डॉक्टर होता, हे सगळे विचारतात. शेवटचा घास कोणी विचारत नाही, आणि घरातल्या बाईच्या मनात तर तोच अडकलेला असतो. साहेबांनी विचारलं की त्या घरात कसली तरी गाठ सुटायची. उत्तर मी डायरीत लिहायचं. नाव, गाव आणि खाल्लेलं. "चहात बुडवलेला पाव." "अर्धं केळं." "मुगाची भाजी, मीठ कमी म्हणाले." आणि आम्ही घरी पोहोचलो की वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, दारातच मला विचारायच्या, "आज काय करू?" मी डायरी पाहून सांगायचो. त्या संध्याकाळी साहेबांच्या ताटात तेच यायचं. चार घरं झाली असतील तर चार घास चार तऱ्हेचे. संग्रामपूरकडचा एक म्हातारा दवाखान्यात चमचाभर पाण्यावर गेला, तर साहेब चमचाभर पाणी पिऊन झोपले. मलकापुरात एका मुसलमान घरी विचारलं, तर लेक म्हणाला, "रोजा था साहब, कुछ नहीं खाया." त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत साहेबांनी तोंडात थुंकीशिवाय काही घेतलं नाही. रहीमचाचांनी खजूर दिला तेव्हा तोंड उघडलं.

वहिनींना मी एकदा म्हटलं, "तुम्हाले भेव नाही वाटत, रोज मेलेल्या माणसाचं जेवन रांधाले?" त्या म्हणाल्या, "पहिले वाटे. आता वाटते, त्या मानसाले आपनच जेवू घालतो."

साहेबांनी कारण एकदाच सांगितलं, दुसरबीडहून परत येताना, गाडीत. ते वसतिगृहात असताना त्यांची आई गेली. निरोप पोचून ते घरी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांनी घरात एकेकाला विचारलं की मायनं शेवटी काय खाल्लं. कोणालाच सांगता आलं नाही. "सगळे वावरात होते. कोनी पाह्यलंच नाही बे. उपाशी गेली की खाऊन गेली, मले आजवर मालूम नाही."

आता माझी चूक सांगतो. तेव्हा गिळून बसलो, आता नाही.

उन्हाळ्याचे दिवस. मी साहेबांच्या कामानं तहसीलमध्ये उभा होतो, मागून माणसं ढकलतायत, आणि फोन आला की चिंचखेड खुर्दचे गुरुजी वारले. मी डायरीत घाईघाईनं लिहिलं, "चिंचखेड, गुरुजी." खुर्द लिहायचं राहिलं. आता आमच्या भागात बुद्रुक आणि खुर्द म्हणजे दोन वेगळी गावं, मध्ये नाला, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि रिटायर गुरुजी कोणत्या गावात नसतात? दुपारी तीनला साहेबांनी विचारलं, "कुठी जायचं?" मी डायरी पाहिली आणि म्हटलं, "चिंचखेड." रहीमचाचांनी रस्त्यावर पहिलं लागतं त्या बुद्रुकला गाडी घातली.

ओट्यावर सतरंजी नव्हती, माणसं नव्हती. मला वाटलं, ऊन आहे, लोक संध्याकाळी येतील. साहेब चप्पल काढून उघड्या फरशीवर बसले, डोळे मिटले, मान खाली. आतून एक म्हातारे गृहस्थ तोंड पुसत आले. साहेब आले म्हणून खूश झाले आणि ते काही बोलत नाहीत म्हणून आपणही अदबीनं समोर गप्प बसले. मला वाटलं, भाऊ असेल गुरुजींचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग साहेबांनी मान वर न करता विचारलं, "शेवटी काय खाल्लं?"

म्हातारे म्हणाले, "आताच वांग्याचं भरीत खाल्लं साहेब. काऊन?"

साहेबांनी डोळे उघडले. गुरुजींना ते ओळखत होते. हे गुरुजी जिवंत होते, मिशीला भरताचा कण लागलेला होता. गाडीपाशी उभे असलेले रहीमचाचा "या अल्लाह" म्हणाले तेवढं मला ऐकू आलं. साहेबांनी गुरुजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काही नाही गुरुजी. इकून चाललो होतो. तुम्हाले पाह्यलं, बरं वाटलं." पण साहेबांचा प्रश्न तोवर सगळ्या तालुक्याला माहीत झाला होता. गुरुजींना तो कळला होता. त्यांनी चहा सांगितला, चहा आला, साहेबांनी घेतला. गुरुजींनी मात्र आपला कप हातात धरून तसाच खाली ठेवला.

तिथून खुर्दला जाताना गाडीत साहेबांनी विचारलं, "हे लिहिलं कोनं?"

मी म्हटलं, "फोनच तसा आला साहेब. त्यानं बुद्रुकच सांगतलं." खोटं बोललो. घाबरलो होतो, दुसरं काय.

दिवेलागणीला बुद्रुकच्या गुरुजींच्या मुलाचा फोन आला. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. रडत रडत तो म्हणाला, "भाकर वाढली तर हात लावला नाही हो त्यायनं. म्हने, साहेबानं इचारून घेतलं, आता त्याच्यावर काय खाऊ?"

मी फोन साहेबांच्या हातात दिला. ते ऐकत राहिले, मग बसकण मारली. त्या संध्याकाळी वहिनींनी भरीत केलं आणि साहेबांना तो घास गिळता गिळेना.

बातमी पसरायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी बाजारात हेच. साहेब जित्या माणसाच्या घरी बसायला गेले आणि माणूस गेला. पुढे एकदा गाडीचं इंजिन तापलं म्हणून एका झोपडीत पाणी प्यायला थांबलो. तिथली बुढी नव्वदीच्या पुढची, पंधरा दिवसांनी गेली. झालं! लोकांनी दोन बोटं मोजली. त्या वर्षात साहेब शंभर घरांत शिरले असतील, कोणाला साधी शिंकसुद्धा आली नाही, ते कोण मोजतो? मी तावातावानं भांडायचो लोकांशी. पण एक वाक्य बोललो असतो तर सगळं संपलं असतं, की बाबांनो, गाव मी चुकवलं. ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

आणि खरं सांगायचं तर माझी भांडणंही लंगडी पडायला लागली होती. कारण गुरुजी गेल्यापासून साहेबांना चव यायला लागली होती.

म्हणजे असं. गाडीत बसलेले असताना त्यांचा जबडा हलायला लागायचा. तोंडात काही नाही आणि चावतायत. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मेथी आहे बे तोंडात. लसूण घातलेली. सकाळपासून जाऊन नाही राह्यली." वहिनींनी त्या आठवड्यात मेथी केली नव्हती. तासाभरानं माझा फोन वाजला. नांदुऱ्याच्या बाजूला एक माणूस गेला होता. आम्ही गेलो. साहेबांनी मान खाली घालून विचारलं, आणि त्याची सून म्हणाली, "मेथी." माझ्या हातातला पेन खाली पडला. साहेब मात्र हलले नाहीत. जणू त्यांना उत्तर माहीत होतं आणि ते खोटं ठरावं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं.

असं मी माझ्या डोळ्यांनी तीनदा पाहिलं. एकदा गुळाचा चहा, एकदा उकडलेलं अंडं, जे साहेबांनी जन्मात खाल्लं नव्हतं. "काय आहे हे बे, पचपचीत?" म्हणत गाडी थांबवून चूळ भरली. रहीमचाचा गाडीत बडीशेपेची पुडी ठेवायला लागले. साहेब मूठमूठ खायचे. "कोनाचं आहे ते कळत नाही ना," ते मला म्हणायचे. "कळलं असतं तर जाऊन बसलो असतो त्याच्यापाशी. एकटा तरी नसता गेला." मला त्यांच्या शेजारी बसायची भीती वाटायला लागली. त्यांचा जबडा हलला की माझा हात आपोआप खिशातल्या फोनवर जायचा.

मग निवडणूक आली. आमदारकीची निवडणूक म्हणजे घरोघर जाणं, आणि हा माणूस तर त्यावरच दोनदा निवडून आला होता. यावेळी आम्ही गावात शिरलो की दारं लागायची. बाया पोरांना आत ओढायच्या. एका गावी गच्चीवरून एक जण ओरडला, "साहेब, मत तुम्हालेच देतो, आईची आन! पन घरात नका येऊ!" कार्यकर्ते हसले. साहेब हात जोडून उभे होते, त्यांनी जोडलेले हात खाली घेतले आणि पुढच्या घराकडे गेलेच नाहीत. समोरच्या उमेदवारानं काही करायची गरजच पडली नाही. आम्ही पडलो, आणि वाईट पडलो.

पडल्याचं त्यांना काही वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण लोकांनी मयत कळवणंही बंद केलं. फोन वाजेना. सकाळी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून ते पडवीत बसायचे, चप्पल पायरीशी नीट लावलेली, आणि कोणी बोलवत नव्हतं. चव यायची ती येतच होती. "आज पिठलं होतं कोनाचं तरी," म्हणायचे, आणि कोणाचं ते कळायला मार्ग नसायचा. एकदा अचानक मला म्हणाले, "त्या फोनवाल्याचा नंबर असन का रे तुह्याजवळ? चिंचखेडच्या?" म्हटलं, "नाही साहेब, उडाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे. बिचाऱ्याले वाईट वाटन."

माझी आई त्या दिवसांत अंथरुणाला खिळलेली. मलकापुरात रेल्वे गेटच्या पलीकडे आमचं घर. दोन महिने ती पेजेवर होती, धरून उठवावं लागायचं. मी तिचा एकुलता एक. तिच्यावाचून माझं घर म्हणजे नुसत्या भिंती.

एक दिवस भर दुपारी दारात ऑटो थांबला आणि साहेब उतरले. एकटेच. पायरीवर एक चप्पल काढली, दुसरी काढायच्या बेतात होते. जबडा हलत होता.

मी दारात जाऊन उभा राहिलो. "काय साहेब?"

"सकाळपासून तोंडात ज्वारीची भाकर आहे," ते म्हणाले. "अन् हिरव्या मिरचीचा ठेचा. त्याच्यात भाजलेलं जवस. जवस तुही मायच टाकते, दुसरं कोनी टाकत नाही. यावेळी कळलं बे मले, कोनाचं आहे ते. म्हनून आलो."

आईच्या हातचा तो ठेचा साहेबांनी कितीदा खाल्ला होता. मी दोन्ही हात चौकटीला लावले. "नाही साहेब. आज नको."

"मी काही इचारत नाही. नुसता बसतो तिच्यापाशी."

"नको म्हटलं ना!"

"तू भेऊ नको..."

"साहेब, दुसरं दार पाहा," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. ज्याच्यामुळे सगळ्या तालुक्यानं त्यांना दारं लावली तोच मी. त्यांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. रबराचा अंगठा त्यांना पटकन सापडेना. मग वळून गल्लीत चालत गेले, ऑटो तोवर निघून गेला होता. आतून आईनं विचारलं, "कोन होतं रे?" मी म्हटलं, "कोनी नाही, पत्ता इचारत होता."

औषधं संपली होती म्हणून मी गेटपलीकडच्या मेडिकलवर गेलो. फाटक पडलं, मालगाडी निघेना, तासभर गेला. परत येऊन पाहतो तर आई स्वयंपाकघरात. दोन महिने ज्या बाईला उठून बसवत नव्हतं ती चुलीपाशी पाटावर बसलेली, हाताला पीठ, तव्यावर भाकर फुगलेली, आणि बाजूला पाट्यावर ठेचा. जवसाचा वास घरभर. तिनं एक तुकडा मोडून तोंडाकडे नेला होता.

मी तो हिसकावला. "थुंक! थुंक पयले!"

"अव माय! येडा झाला काय बे तू? भूक लागली मले."

"पेज खा. भाकर नाही खायची तू. आजच्या दिवस नाही." मी ताट उचलून बाहेर गाईसमोर टाकलं. आई माझ्याकडे अशी पाहत होती की हाच आजारी आहे. मी तिला काही सांगितलं नाही. तिनंही मला काही सांगितलं नाही. त्यानंतर सकाळ होईपर्यंत मी तिच्या उशाशी बसून होतो, तिचा श्वास मोजत. ती मस्त घोरत होती.

सकाळी सातला फोन वाजला. वहिनी होत्या. साहेब पडवीत, पांढरे कपडे घालून, चहाची वाट पाहत बसलेले, तसेच गेले.

मयतीला माणूस मावत नव्हता. ज्यांनी दारं लावली होती ते सगळे आले. गच्चीवरचा तोसुद्धा आला आणि ढसाढसा रडला. आता भीती कसली? मला इतका संताप आला की मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, "चूक माही होती! खुर्द लिहाचं राह्यलं होतं मले! साहेबाले काही दिसत नव्हतं, मी चुकीच्या गावाले नेलं त्यायले!" कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हाव ना बाप्पा, बस. लय जीव होता तुहा त्यायच्यावर." एकानंही खरं मानलं नाही. बोलायची वेळ मी केव्हाच घालवली होती. रहीमचाचा तेवढे माझ्याकडे पाहत होते.

सगळं उरकून परत आलो तर वहिनी दारात उभ्या. त्याच जागी, जिथे उभ्या राहून अकरा वर्षं मला "आज काय करू?" विचारायच्या.

"काल तुमच्याकडून जेवून आले होते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी ताट केलं तर म्हने, पोट भरलं आहे, त्याच्या घरी जेवलो. त्याच्यावर काहीच घेतलं नाही त्यायनं. सांगा ना भाऊजी, शेवटी काय खाल्लं?"

माझ्या दारातून मी त्यांना उपाशी परतवलं होतं, आणि त्या माणसानं घरी जाऊन माझी लाज राखली होती. मी एवढंच म्हणालो, "मायले इचारून सांगतो," आणि तिथून अक्षरशः पळालो.

घरी येऊन आईच्या पायाशी बसलो आणि रडत सगळं सांगितलं. चिंचखेडपासून दारातल्या त्या शब्दापर्यंत सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुले काय वाटते, मले ऐकू नाही येत? त्याले तू दारातून हाकललं ते ऐकलं म्या. तू औषधाले गेला अन् म्या खिडकीतून पाह्यलं, तो गल्लीच्या कोपऱ्यावर उन्हात उभाच होता. म्या हाक मारली. मांगच्या दारानं ये म्हटलं. आला. बसला इथी."

"अन्?"

"अन् काय? म्या त्याले इचारलं, काय खातं बाप्पा? तो म्हने, भाकर अन् ठेचा. कशी उठली मी, मले मालूम नाही. दीड भाकर खाल्ली त्यानं. लय दिवसांनी पोट भरलं म्हने. मंग तू येशीन म्हनून लवकर गेला."

सकाळपासून साहेबांच्या तोंडात असलेला तो शेवटचा घास आईचा नव्हताच. ज्याच्यापाशी जाऊन बसायचं म्हणून ते निघाले होते, तो माणूस तेच होते.

आई म्हणाली, "तुह्यासाठी निरोप देल्ला होता त्यानं. म्या म्हटलं, त्याच्या रागावर जाऊ नको बाबू, पोरगं भेलं आहे. तर म्हने, राग नाही. त्याले सांगजा, बुद्रुक-खुर्द कोनाचंही चुकते."

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गच्चीवरून तो माणूस ओरडला तेव्हाही माहीत होतं, आणि मी शेजारी उभा होतो.

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून डबे जातात. आईनं त्या संध्याकाळी भिंत धरून उठून भाकरी थापल्या, जवस भाजलं, ठेचा वाटला. मी डबा घेऊन गेलो. वहिनींसमोर उघडला आणि सांगितलं, "हे. दीड भाकर खाल्ली. मायनं वाढलं. पोट भरलं म्हणाले."

वहिनींनी भाकर हातात घेतली, मोडली, ठेच्याला लावून एक घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या. मग उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही अकरा वर्षं नुसतं लिहीतच राह्यले."